कर्ज फिटल्याची दवंडी

“अर्धं व्याज सोडतो,” बँकेचे मॅनेजर गुणाकर साहेब म्हणाले. “बाकीचं भरा, सेटलमेंट करून टाकू.”

“नको,” अपेक्षा म्हणाली. “पुरं घ्या.”

साहेबांनी चष्मा काढला. मार्चअखेर होती. बालाघाटच्या त्या शाखेत सकाळपासून घासाघीस करणाऱ्यांची रांग लागली होती, पण भाव वर नेणारं गिऱ्हाईक साहेबांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. बरं, पोरगी काही लखपतीची नव्हे. बाप किरनापुरात टेलरमास्टर. तिच्या नर्सिंगसाठी त्यानं कर्ज काढलं, तिला नोकरी उशिरा लागली आणि हप्ते थकले. आता नागपूरच्या एका दवाखान्यात डबल ड्युट्या करून तिनं हा ड्राफ्ट आणला होता.

“अहो, वाचलेल्या पैशात घरावर स्लॅब पडेल.”

“पडन. पन सेटलमेंटचा शेरा बाबाच्या नावापुढं राह्यते का नाई? मंग कोन्ती बँक इचारन त्याले?”

“शेरा राहतो,” साहेबांनी कबूल केलं.

“मंग पुरं घ्या. आन् माही एक शर्त हाये.”

पै न पै भरणाऱ्याची वर अट! साहेब खुर्चीत मागे टेकले.

“मांगच्या साली बँकेनं आमच्या दारापुढं डफडं वाजवलं. शालिकराम टेलर बँकेचं बुडवून राह्यला म्हून गल्लीभर दवंडी देल्ली. तवापासून बाबानं चौकातलं दुकान बंद केलं, मशीन घरात नेली. मीठ आनाले लांजीची बस धरते, साहेब. किरनापुरात कोनाले तोंड दाखवत नाई. आता तसंच डफडं वाजवा, त्याच दारापुढं. आन् कर्ज फिटलं म्हून सांगा.”

“अशी सोय बँकेत नाही हो.”

“तवा वाजवाची सोय होती ना?”

“ते माझ्या आधीच्या साहेबांनी...”

“खुर्ची तर हेच हाये ना?”

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यांनी ड्राफ्ट घेतला, पावतीवर सही केली आणि ड्रायव्हरला जीप काढायला सांगितली.

डफडेवाला महागू मागच्या वेळचाच होता. किरनापुरात दुसरा होताच कोण!

पहिली थाप पडली तशी गल्लीतली दारं लागली. ज्यांना तमाशा पाहायचा होता त्यांनी खिडक्या तेवढ्या किलकिल्या ठेवल्या. शालिकरामच्या घरातली मशीन एकदम थांबली आणि त्याच्या बायकोनं, दुर्गाबाईनं, आतून कडी घातली. बिचारीला वाटलं, पुन्हा आले.

“माय, मी अपेक्षा. दार उघड.”

कडी निघायला वेळ लागला. आधी दुर्गाबाई आणि तिच्यामागून शालिकराम ओट्यावर आला. गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती. त्याची नजर जमिनीवरून उठेना.

“काहून आनलं तू यायले?” तो पोरीला हळूच म्हणाला. “मी भरलो असतो ना, थोडंथोडं.”

महागूनं डफडं थांबवलं आणि आवाज लावला, “आयका हो आयका! शालिकराम मास्टरनं बँकेचं कर्ज फेडलं हो! व्याजासगट फेडलं! एक पैसा माफ नाई घेतला! बँकेचं त्याच्याकडं कायबी येनं नाई हो!”

शालिकराम पोरीकडे पाहतच राहिला. तिनं मान हलवली.

समोरचं दार उघडलं. मग शेजारचं, मग त्याच्या पलीकडचं. माणसं ओट्याओट्यावर येऊन उभी राहिली. गुणाकर साहेबांनी नुसतं हजर राहायचं ठरवलं होतं. मात्र समोरच्या माणसाची मान हळूहळू वर येताना त्यांनी पाहिली. आजवर त्यांनी किती खाती बंद केली असतील त्याचा हिशोब नाही. एक खातं बंद झालं की ओट्यावर एक माणूस असा उभा राहतो, हे कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी हात जोडले. भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत.

झालं एकदाचं, म्हणून साहेब जीपकडे वळले, तर महागू जागचा हलेना. त्यानं डफडं खाली ठेवलं, तळवे धोतराला पुसले आणि तो ओट्याजवळ गेला.

“मास्टर,” तो म्हणाला, “माही पोरगी औंदा बारावीले हाये. तुमच्या पोरीवानी नर्स कराचं म्हन्तो तिले. बँक जामीन मांगते. तुमी राह्यता का?”

गावात जामीन राहणारे काय कमी होते? पण यानं मागितला तो याच दारात. सगळ्यांच्या माना साहेबांकडे वळल्या.

“चालेल,” साहेब म्हणाले. “यांची सही आमच्या बँकेत चालेल.”

शालिकराम ओट्यावर बसला. मग थोडा बाजूला सरकला आणि महागूला त्यानं शेजारी जागा करून दिली.

“बस,” तो म्हणाला. “नाव काय पोरीचं?”