नावाचा सूर

सिडनीच्या त्या उपनगरात व्हिएतनामी थुईच्या नावाची सगळ्यांनी पार वाट लावली होती. ग्रीक पाववाला स्टाव्रोस ‘तूई’ म्हणे, लेबनानी फळवाली समीरा ‘ठोई’. आई तेवढी बरोबर म्हणे, मधेच बुडी मारून वर येणाऱ्या सुरात.

आज ती स्टेशनवरून चालत येत असताना स्टाव्रोसने हाक मारली, “थुई!” अगदी आईचाच सूर.

“काय हो, शिकवणी लावलीत की काय?”

“कसली? मी पहिल्यापासून असंच म्हणतो.”

पुढे समीरानेही तस्संच म्हटलं, आणि पापणी न लववता तिच्याकडे बघत राहिली.

थुई धावतच घरी आली. आई पाठमोरी, ‘फो’ या नूडल्सच्या सूपचा रस्सा ढवळत होती. थुईच्या जिवात जीव आला.

“आलीस का गं, तूई?”