एक किलोच्या आत

"मॅडम, तुमचा तो वजनाचा चौकोन पुन्हा लाल झाला," सिस्टर फोनवर म्हणाल्या. "शून्य पॉइंट पंच्याऐंशी घेतच नाही."

घाटावरच्या आरोग्य केंद्रातून त्या नवजात बाळाचा ऑनलाइन अर्ज पुढे गेल्याशिवाय जिल्हा रुग्णालयातून काचेच्या पेटीची गाडी निघणार नव्हती.

ऋजुताने स्वतः बनवलेल्या त्या अर्जाच्या कोडमधली, भरलेला आकडा तपासणारी रेजेक्सची ओळ उघडली. कंटाळून नुसतं शून्य भरणाऱ्यांना रोखायला तिनेच पहिला अंक एक ते नऊ असा बांधला होता. दशांशचिन्ह, पुढचे अंक, सगळं तपासलं होतं. एक किलोच्या आतलं माणूस तिच्या मनात आलंच नव्हतं. आता परवानगीशिवाय चालू साइटला हात लावता येत नव्हता आणि साहेबांचा फोन लागत नव्हता.

"सध्या एक पॉइंट पंच्याऐंशी टाका," ती म्हणाली.

"आणि गाडीतल्या डॉक्टरांनी त्या वजनाने औषध दिलं तर? तुम्ही येणार का निस्तरायला?"

तेवढ्यात पलीकडून बाळाच्या आईचा दमलेला आवाज आला. ती लाल अक्षरं वाचत होती. "'एवढे कमी वजन असू शकत नाही.' असं का म्हणतंय हो, सिस्टर? हे काय, माझ्या छातीवर आहे की."

ते वाक्यही ऋजुताचंच होतं. तिने ओळीतल्या एकच्या जागी शून्य केलं आणि कोणाला न विचारता साइटवर चढवलं.

"आता टाका."

"गेला अर्ज," जरा वेळाने सिस्टर म्हणाल्या. "गाडी घाट चढून येईस्तोवर बाळाने दम धरला पाहिजे. ठेवते."