तुझा शनी
शनिवारी मुलुंडच्या आमच्या गच्चीवर मी सोसायटीतल्या मुलांना शनीच्या रेडिओलहरी ऐकवल्या. अंतराळयानाने टिपलेल्या, कानांसाठी आवाजात बदललेल्या. कुणी गळा काढून रडावं तसा सूर. तेव्हापासून रोज तक्रारी! “नीला, तुझा शनी जिन्यात ऐकू येतो गं,” सेक्रेटरी मधुकरकाका म्हणाले. मी एकदाच लावला होता, पण कुणाला पटेना. त्यांनी लिफ्टमध्ये नोटीस चिकटवली: ‘सोसायटीत शनी वाजवू नये.’ तिच्याखाली कुणीतरी लिंबू-मिरचीही टांगली. आज ते तावातावाने माझ्या दारात आले. “आत्ताही वाजतोय ना?” मी बंद फोन त्यांच्या हातात ठेवला. सूर चालूच होता. आम्ही लिफ्टच्या जाळीतून पाहिलं. खाली चाललेल्या लिफ्टचा पोलादी दोर तारा सुटून रडत होता. लिफ्ट तळाला पोचली, सूर थांबला. खालून त्यांची नात ओरडली, “आजोबा, वर येतेय!” “थांब, गंधाली!” लिफ्टचं दार लागलं, आणि शनी वर चढू लागला.