जरा मोठ्याने सांगा

“सर, पुन्हा एकदा सांगा ना. आणि जरा मोठ्याने.”

बारावीतल्या मृण्मयीने असे म्हणताच निनादच्या हातातला मार्कर फळ्यावरच थबकला. एम.टेक. करता करता तो घरोघरी जाऊन गणित आणि भौतिकशास्त्राच्या शिकवण्या घेत असे. पण असे कोडे त्याला आजवर पडले नव्हते. ही मुलगी प्रत्येक मुद्दा पुन्हा विचारी आणि उदाहरण दिले की मात्र अचूक सोडवी. आपल्यालाच शिकवता येत नाही, असा निष्कर्ष काढून तो आज शिकवणी सोडायला आला होता.

“शेवटचा प्रश्न,” तो म्हणाला. “लिफ्ट झपाट्याने खाली निघाली, तर आतल्या माणसाचे वजन काट्यावर जास्त भरेल की कमी?”

मृण्मयीने स्वयंपाकघराकडे पाहिले.

“कमी,” आतून आवाज आला.

निनाद गोंधळला. “कोण आहे?”

“आमची वहिनी! लग्नामुळे तिची बारावी राहिली, यंदा देणार आहे. बाहेर येऊन बस म्हटलं, तर म्हणते, सर हसतील. कणीक मळता मळता ऐकते. म्हणून तर मोठ्याने!”

निनादने तो छोटा फळा उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी टेकवला आणि मार्कर पुढे केला.

“उत्तर बरोबर. पण कमी का, ते मांडून दाखवा, वहिनी.”

“हात कणकेचे आहेत, सर.”

“असू द्या. फळा पुसता येतो.”