नवरदेवाची जीप

ज्या जीपमधून संगिताला माहेरी सोडून जगन पुन्हा फिरकला नव्हता, तीच जीप आज कनेरगाव नाक्यावर तिच्या गॅरेजसमोर येऊन थांबली. फेटा सांभाळत जगन उतरला आणि बायकोला समोर बघून परत जीपकडं वळला. पण जवळपास दुसरं गॅरेज नव्हतं.

"गिअरचा दांडा ढिला झाला. नुसता डुलून राहिला," तो मान खाली घालून म्हणाला. "लगनाची वेळ झाली, संगे. मागचं उकरू नको."

"मी कशाला उकरू?" म्हणत ती पाना घेऊन जीपखाली शिरली.

बराच वेळ खालून ठोकाठोक ऐकू येत राहिली. जगनचा फोन सारखा वाजत होता आणि तो दर वेळी "आलोच" म्हणत होता. शेवटी नवरीमुलीचा बापच मोटरसायकलवर त्याला शोधत आला.

"बाई, जरा लवकर करा," तो काकुळतीनं म्हणाला. "पहिली बायको वारल्यापासून लई हाल काढले बिचाऱ्यानं."

संगिता बाहेर आली.

"मीच ती पहिली. जिती हाय, फारकतबी झाली न्हाई. विचारा ह्यायलाच."

जगनला मान वर करता येईना. त्याच्याकडं एकवार बघून मुलीच्या बापानं मोटरसायकल वळवली आणि तो निघून गेला.

संगितानं हात पुसून चावी जगनच्या हातावर ठेवली.

"दांडा तर कवाचाच बसला होता," ती म्हणाली. "मी मुलीच्या बापाची वाट बघून राहिले होते."