दिवे मालवल्यावर

“सुटल्यावर मागं वळून बघायचं नाही,” कारखान्यातल्या अण्णांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “सरळ घर गाठायचं.”

ती नुसती हसली. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी बजावायला लागतंच. शिवाय तिच्या जिवाला वेगळाच घोर होता.

घोर पाळणाघराचा. बाळ आत्ता कुठे बसायला लागलं होतं. पाळणाघराच्या ताई दिवेलागणीला कुलूप लावत. आधीच्या कचेरीतून निघायला तिला दोनदा उशीर झाला, तेव्हा त्यांनी तोंडावर सांगितलं, “पुन्हा झालं तर दुसरी सोय बघा.” दुसरी सोय नव्हती. म्हणून तर पदवी बाजूला ठेवून ती या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात फर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, शिवायला आली. पाळणाघर इथून दोन गल्ल्यांवर होतं.

पण कारखान्याचा नियम कडक. दिवसाची चळत संपल्याशिवाय कोणी उठायचं नाही. चळत संपली की मुकादम बाई मधल्या टेबलावर पार जमिनीपर्यंत लोंबणारं पांढरं फडकं पसरत, दिवे मालवत आणि सगळे एकदम उठत. बाईंना मागून सगळे ‘कात्री’ म्हणत. त्या कमी बोलत, आणि बोलल्या तर कापत.

“आमच्याकडे एक होती तुझ्यासारखी, लेकुरवाळी,” शेजारी बसणाऱ्या मिरचीनं पहिल्या दुपारी सांगितलं. तिचंही खरं नाव कोणी घेत नसे. “रोज सवलत घेऊन एकटीच मधून उठून जायची. मान खाली, पावलं चोरत. कोणी काही बोललं नाही हो, पण नजरा असतातच ना. एक दिवस यायचीच बंद झाली.”

“मग?”

“मग काय! फर्मा उलटा धरलायस, तो सरळ कर आधी.”

त्या दिवशी ती शिवत होती आणि खिडकीतलं ऊन कलताना बघत होती. चळत तर डोंगराएवढी दिसत होती. तिनं मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडलं. तेवढ्यात कात्रीबाई उठल्या, फडकं पसरलं.

“झालं. चला.”

दिवे गेले. स्टुलं सरकली. ती बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. ऊन कौलांवर असतानाच फडकं पडायचं. मग सगळे नळावर जमायचे.

“तू हो पुढे,” मिरची हात चोळत म्हणायची. “आमच्या हाताला चिकटलेली खळ सुटत नाही लवकर. तुझे हात अजून नाजूक आहेत, राणीसरकार.”

मग ती आणि अण्णाच पुढे निघायचे. अण्णांची बायको अंथरुणाला खिळलेली होती, त्यांनाही घाई असायची. कोपऱ्यापर्यंत दोघांची वाट एक. ती पळतच असायची आणि मागून अण्णांचं ठरलेलं वाक्य यायचं, “पुढे बघून चाल.”

“त्यांचे हात बघायला हवेस तू,” ती नवऱ्याला सांगायची. “यंत्र झक मारेल! एवढी चळत, आणि बघता बघता फस्त. मी तर अर्धी कच्चीच आहे, तरी त्यांचं अडत नाही.”

“जादूटोणा असेल,” नवरा बाळाला खांद्यावर थोपटत म्हणायचा.

“चेष्टा नको. मला खरंच नवल वाटतं.”

तिला भीतीही वाटायची. एवढं चांगलं फार दिवस चालत नाही, असं तिचं मन सांगायचं. ती जास्त जोरानं शिवायची, बोटं टोचून घ्यायची. कात्रीबाई एकदा मागे येऊन उभ्या राहिल्या.

“घाईत टाका सैल पडतो,” एवढंच म्हणाल्या. तिला रात्रभर झोप लागली नाही.

आणि मग एका संध्याकाळी ती कोपऱ्यावर पोचल्यावर एकदम थबकली. “बाळाचं टोपडं! जेवणाच्या सुट्टीत त्याची नाडी शिवत होते, टेबलाखाली राहिलं.”

“उद्या घे,” अण्णा म्हणाले.

“त्याच्याशिवाय झोपत नाही तो. ऊन आहे अजून, ही गेले नि ही आले.”

“अगं, ऐक माझं—”

ती केव्हाच वळली होती.

कारखान्याचं दार लोटलेलं होतं. कडीला टोपडं अडकवलेलं होतं, कोणी परत आलंच तर आत यायची वेळ येऊ नये अशा बेतानं. तिनं ते काढून घेतलं. दाराच्या फटीतून उजेड येत होता.

आत सगळे दिवे लागलेले होते. पांढरं फडकं घडी करून बाजूला ठेवलेलं, आणि त्याआड झाकलेली टेबलाखालची चळत अर्ध्याहून जास्त शिल्लक. सगळे आपापल्या जागी खाली मान घालून शिवत होते. अण्णांच्या स्टुलावर मिरची बसली होती. ती मघाशी ज्या स्टुलावरून उठून आली होती, त्यावर कात्रीबाई, चष्मा नाकावर ओढून, तिनं सकाळी शिवलेला सैल टाका उसवून पुन्हा घालत होत्या. कोणी बोलत नव्हतं. सुया वर-खाली होत होत्या तेवढाच आवाज.

 पाऊल न वाजवता ती मागे फिरली.

कोपऱ्यावर अण्णा तिची वाट बघत उभे होते. तिनं टोपडं मुठीत घट्ट धरलं होतं.

“अण्णा, ते सगळे... आत...”

“बघितलंस ना शेवटी?” ते हळूच म्हणाले. “म्हणून सांगत होतो, बाई. मीही एकदाच बघितलं होतं. बघितलं की घरी जाववत नाही.”