कूमची पसंती

"जड आहे म्हणजे आत काहीतरी आहे," व्लास्तिमिर म्हणाला आणि काळा लॅपटॉप काउंटरवरून उचलून त्यानं हातात तोलला. आयुष्यभर बिडाच्या चुली विकलेला माणूस. उचलून पाहिल्याशिवाय कुठल्याच वस्तूवर त्याचा विश्वास बसत नसे. "आणि तो तिकडचा? फुंकर मारली तर उडेल."

"मला तोच हवाय," नेवेना म्हणाली.

तिकडचा म्हणजे खिडकीजवळचा राखाडी, वहीएवढ्या जाडीचा, जेमतेम किलोभराचा. किमतीत फारसा फरक नव्हता. सप्टेंबरच्या उन्हातही नेवेनानं जॅकेट घातलं होतं आणि तिचा उजवा हात खिशात होता.

आईनं, रादमिलानं, तिच्या डाव्या कोपराला चिमटा काढला. तीन दिवस ती लेकीला एकच गोष्ट पढवत होती: कूम म्हणेल तो लॅपटॉप घ्यायचा, हसून आभार मानायचे आणि घरी यायचं.

इथं सर्बियात, आमच्या उझित्सेत, माणूस सख्ख्या भावाला कोर्टात खेचतो, पण कूमला नाही म्हणत नाही. लग्नात जो साक्षीला उभा राहतो तो त्या घराचा कूम, आणि पोरांची नावंही तोच ठेवतो. नेवेनाचं नाव व्लास्तिमिरनं ठेवलं होतं. प्रथा चांगली आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण ती असल्या माणसाच्या हाती लागली की घरच्यांच्या तोंडाला कुलूप बसतं.

"बेलग्रेडला चाललीस का शिकायला?" दुकानातल्या बाईंनी विचारलं. त्यांचा चष्मा साखळीला लटकत होता. "हॉस्टेलला लिफ्ट आहे?"

"आहे. बंद असते. खोली चौथ्या मजल्यावर."

"मग हलकाच बरा. रोज पाठीवर घेऊन..."

"तुम्हाला कोणी विचारलं?" व्लास्तिमिर म्हणाला. "मोठा पडदा लागतो तिला. घरांचे नकाशे काढायचेत पुढे."

"ते सोडलं मी," नेवेना म्हणाली. "कायदा शिकणार आहे."

"हे कधी ठरलं?"

"नकाशेवाल्यांच्या प्रवेश परीक्षेला हातानं चित्र काढावं लागतं, कूम."

व्लास्तिमिर उगाचच किमतीची चिठ्ठी उलटीसुलटी करून वाचू लागला.

बाईंची नजर जॅकेटच्या खिशाकडे गेली. "हाताला काय झालं पोरी?"

"बर्फावरून घसरली," रादमिला म्हणाली. प्रश्न पुरता संपलाही नव्हता.

"जानेवारीत," व्लास्तिमिरनं पुस्ती जोडली. "दारातच. नुसती काच झाली होती बर्फाची. मी हिला सांगत होतो, टाचांचे बूट घालू नको म्हणून. पण ऐकेल तर शपथ."

बर्फ घरात सगळ्यांनी मिळून ठरवला होता. बुटांची भर आज पडली.

"टाचांचे?" नेवेनानं विचारलं.

"हट्टीच तू पहिल्यापासून." त्यानं काळा लॅपटॉप तिच्यापुढे धरला. "घे, हातात घेऊन बघ. बघितल्याशिवाय नाही काय म्हणतेस?"

त्यानं तो तिच्या डाव्या हाताकडे सरकवला होता. इतकं भान त्याला होतं. नेवेनानं डावा हात पाठीमागे नेला आणि खिशातून उजवा बाहेर काढला. मनगट बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. तीन बोटं तळव्याकडे वळून तशीच राहिली होती. तो हात तिनं लॅपटॉपच्या खाली धरला.

"सोडा," ती म्हणाली.

व्लास्तिमिरनं सोडला नाही.

"नेवेना, लोक बघतायत," रादमिला पुटपुटली.

"बघू देत. सोडा ना, कूम. चांगला जड आहे म्हणता ना?"

तिचा आवाज चढला नव्हता. वेळ विचारावी तशी ती दुकानातल्या बाईंशी बोलली.

"मला तो राखाडी द्या. बर्फबिर्फ काही नव्हतं त्या दिवशी. कूमच्या घरी सणाचं जेवण होतं. पिऊन यांना धड उभं राहवत नव्हतं, आणि म्हणाले, पोरीला मीच सोडतो गाडीनं. मी म्हटलं, चालत जाते. बाबा म्हणाले, कूमला नाही म्हणू नये." ती थांबली. "मग बसले मी गाडीत. साधेच बूट होते पायात."

बाईंनी खिडकीजवळचा लॅपटॉप आणून काउंटरवर ठेवला आणि चष्मा पुसत बसल्या. व्लास्तिमिर रादमिलाकडे बघत होता. आता ती काहीतरी बोलेल, पोरीला दटावेल, माफी मागायला लावेल. अठरा वर्षं ती हेच करत आली होती, आणि आता तर ते फारच गरजेचं होतं. पण रादमिला त्याच्याकडे बघत नव्हती. आठ महिन्यांत घरात त्या हाताकडे कोणी सरळ पाहिलं नव्हतं. ती आता पाहत होती.

"हिला काहीतरी सांग, रादमिला," तो म्हणाला.

नेवेनाचा हात अजून लॅपटॉपखाली तसाच होता.

"ठेवा तो खाली, कूम," रादमिला म्हणाली. "तिला जड होईल."